वाचकांचे प्रश्न : जुन्या बुद्धमूर्ती घेताना आणि जपताना

मागच्या अंकात नेपाळ-तिबेटकडच्या धातूच्या बुद्धमूर्तींवर लिहिलं होतं, त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले की यावेळचं सदर सगळं त्यावरच घेतलंय. बऱ्याच जणांनी फोटो पाठवलेत. नुसत्या फोटोवरून मी वय सांगणार नाही, कोणीच सांगू नये, पण फोटोत जे दिसतं त्यावर बोलता येतं. सारखेच प्रश्न होते ते एकत्र केलेत. आणि कोणाचंच नाव छापलेलं नाही, घरात जुनी मूर्ती आहे हे चार लोकांत कळणं बरं नाही म्हणून.

प्रश्न (नाशिक) : ताई, पणजोबांच्या ट्रंकेत वीतभर उंचीची पितळी बुद्धमूर्ती मिळाली. पद्मासनात आहे, दोन्ही हात मांडीवर, छातीवर चांदीचा चौकोनी तुकडा बसवलाय, मागे अक्षरं कोरलीत, त्यात संवत् १५३१ एवढं वाचता येतंय. ओळखीतला एक जण दोन लाख देतो म्हणतोय. इतकी जुनी बुद्धमूर्ती आमच्याकडे कशी आली असेल?

दादा, ही बुद्धमूर्ती नाहीये, जैन तीर्थंकरांची मूर्ती आहे. नाराज होऊ नका, मूर्ती चांगलीच आहे, आणि ही गल्लत फार लोकांची होते, मुंबई-पुण्यात 'जुना बुद्ध' म्हणून जे छोटं पितळी काम हातोहात फिरतं त्यातलं बरंचसं असंच जैन असतं.

छातीवरचं ते चिन्ह म्हणजे श्रीवत्स, तीर्थंकरांच्या छातीवरची खूण, तिथेच कळलं. दुसरं म्हणजे चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, बघायचं. बुद्धाच्या अंगावर वस्त्र असतंच, कधी ते इतकं पातळ दाखवतात की गळ्यापाशी किंवा डाव्या खांद्यावरून आलेली एकच रेघ दिसते, पण ती रेघ असते. तीर्थंकरांच्या खांद्यावर ती नसते, श्वेतांबर मूर्तीत खाली आसनापाशी वस्त्राची किनार दिसू शकते तेवढीच. आणि बुद्धाचा उजवा हात पुष्कळदा गुडघ्यावरून खाली जमिनीकडे गेलेला असतो, भूमिस्पर्श, तीर्थंकर मात्र बसलेले असले की दोन्ही हात मांडीवर, ध्यानातच.

मागच्या लेखाला मात्र जिवापाड जपा. गुजरात-राजस्थानकडच्या अशा मूर्तींवर संवत्, मूर्ती घडवून घेणाऱ्या घराण्याचं नाव, प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचं नाव असं सगळं लिहायची पद्धत होती. संवत् १५३१ म्हणजे इसवी सनाच्या साधारण १४७४ चं साल झालं. मूर्तीवरच तारीख असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, आम्ही बाकीच्या मूर्तींचं वय शैलीवरून ठरवत बसतो, शंभर वर्षं इकडे की तिकडे यावर वाद घालतो, तुमच्याकडे ते कोरून ठेवलेलं आहे. तो लेख जुनी लिपी वाचणाऱ्या अभ्यासकाकडून नीट वाचून घ्या, मूर्ती रजिस्टर करा (कसं ते पुढे येतंय), आणि तोवर ते दोन लाख राहू देत.

बौद्ध मूर्तींवर लेख असतो तो वेगळा. बिहार-बंगालच्या पाल राजांच्या काळातल्या मूर्तींच्या पाठीवर किंवा आसनावर 'ये धर्मा हेतुप्रभवा' हा श्लोक पुष्कळदा सापडतो. पण तो आहे म्हणून मूर्ती जुनी असं धरू नका, नक्कल करणाऱ्यांनाही तो पाठ आहे.

प्रश्न (पुणे) : एका डीलरकडे तारा या बौद्ध देवीची मूर्ती बघितली. ३०० वर्षं जुनी, नेपाळी, अष्टधातूची, सोन्याचं पाणी दिलेली असं म्हणतो. ८५ हजार सांगतोय, सर्टिफिकेट पण देतो म्हणाला. जमवायला सुरुवात करायचीय, पहिलीच मूर्ती आहे. घेऊ का?

सर्टिफिकेट कोणाचं, हे पहिलं विचारा. त्याच्याच लेटरहेडवर त्याचीच सही असेल तर त्या कागदाला काही अर्थ नाही. तुम्हाला बघायचा आहे तो पुरातत्त्व खात्याच्या रजिस्ट्रेशनचा कागद. १९७२ चा अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्ट आहे, तो लागू झाला ५ एप्रिल १९७६ पासून, त्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी धातूची मूर्ती ज्याच्याकडे असेल त्याने ती रजिस्टर करायलाच लागते, कागदावर मूर्तीचा फोटो असतो, आणि असल्या वस्तूंचा धंदा करायचा तर वेगळं लायसन्स लागतं. आता तुम्हीच बघा, हा म्हणतोय ३०० वर्षं. खरं असेल तर रजिस्ट्रेशन असलंच पाहिजे. नसेल तर एक तर मूर्ती जुनी नाही, नाही तर हा कायदा मोडून विकतोय, आणि दोन्हीत तुमचे ८५ हजार जाणार आणि दुसऱ्यात वर पोलीस दारात येणार.

त्यानंतर विचारायचं, ही होती कुठे? कोणाच्या घरी, किती साली घेतली, जुनं बिल आहे का, एखाद्या जुन्या फोटोत मागे दिसतेय का. सगळं जग यासाठी १९७० हे साल धरतं, कारण चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंबद्दलचा युनेस्कोचा करार त्या वर्षीचा आहे. नेपाळने तर १९५६ मध्येच जुन्या वस्तू बाहेर न्यायला कायद्याने बंदी घातली. म्हणजे नेपाळची जुनी तारा पुण्यात आली कशी याचं धड उत्तर लागतं. 'एका राजघराण्यातून आली, नाव सांगता येत नाही' हे उत्तर नाही. मी तरी ते ऐकलं की चहा संपवून उठते.

एवढं सगळं नीट जमलं तर मग मूर्ती हातात घ्या. दोन्ही हातांनी, खालून धरून, दंडाला किंवा प्रभावळीला धरून उचलायची नाही.

अष्टधातू म्हणतोय ना तो, तिथेच मला शंका आली. नेपाळच्या नेवार कारागिरांचं काम बहुतेक तांब्याचं असतं, जवळजवळ शुद्ध तांब्याचं, कारण तांब्यावर छिन्नी छान चालते आणि सोन्याचा मुलामा चांगला धरतो. काश्मीरचं काम पितळेचं, डोळ्यांत चांदी, ओठांवर तांबं असं जडवलेलं. तिबेटमध्ये दोन्ही दिसतं, आणि पुष्कळदा चेहऱ्यावर वेगळा सोन्याचा रंग लावून केसांना निळा रंग देतात. नेपाळी तारेला अष्टधातू म्हणणाऱ्याला आपल्या हातातली वस्तू माहीत नाही असंच मी समजेन.

मुलामा कसा झिजलाय ते बघा. जुना मुलामा पाऱ्यातला, सोनं पाऱ्यात कालवून मूर्तीवर लावायचं आणि तापवून पारा उडवायचा, तो थर बऱ्यापैकी जाड बसतो. पिढ्यान्‌पिढ्या पूजेतला हात जिथे लागतो तिथे तो जातो, गुडघे, नाक, पायाचे अंगठे, आसनाची पुढची कड, आणि तिथून खालचं तांबं लालसर दिसायला लागतं, पण वस्त्राच्या चुण्यांत, कानामागे सोनं तसंच राहतं. नकली मूर्तीत झीज भलत्याच जागी असते, नाही तर सगळीकडे सारखी, कारण ती एका दुपारी पॉलिश पेपरने केलेली असते. भिंग घेऊन बघा, एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. हिरवा थर नखाने निघाला, किंवा कापसाला ॲसिटोन लावून पुसल्यावर कापूस हिरवा झाला, तर तो रंग आहे. तांब्यावर शेकडो वर्षांत चढलेला थर असा सुटत नाही, धातूला लागून लालसर आणि त्यावर हिरवा असा तो एकात एक बसलेला असतो. (ॲसिटोनचा हा प्रयोग मूर्ती तुमची नसताना करायचा नाही, आणि खरा जुना रंग असलेल्या तिबेटी चेहऱ्यावर तर कधीच नाही.)

मग दागिने, बोटं, कमळाच्या पाकळ्या. मेण वितळवून ओतलेली मूर्ती एकदाच होते, साचा फोडावाच लागतो, आणि ओतल्यानंतर कारागीर छिन्नीने प्रत्येक मणी, प्रत्येक पाकळी कोरून काढतो. हे तंत्र आपल्याकडेही किती मुरलेलं होतं बघा, बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लासात मेणाच्या मूर्तीवर माती लिंपून धातू कसा ओतायचा ते लिहून ठेवलंय. तर, खऱ्या मूर्तीवरून रबरी साचा काढून केलेल्या नकलेत कडा बोथट येतात, कोरलेल्या रेघा कापल्यासारख्या न दिसता वितळल्यासारख्या दिसतात, आणि नक्कल मूळ मूर्तीपेक्षा किंचित लहान भरते कारण धातू थंड होताना आकसतो.

टेस्टबद्दल पण तिघांनी विचारलंय. मूर्तीच्या पोटात ओतताना भाजलेली माती राहिलेली असेल तर त्या मातीवर थर्मोल्युमिनेसन्सची टेस्ट करता येते, शेवटची कधी तापली ते त्यातून कळतं, पण उत्तर वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे धरूनच येतं, आणि भरीव मूर्तीला माती नसतेच. एक्सरे काढायचा असेल तर मातीचं सॅम्पल आधी घ्या, एक्सरेने त्या मातीतलं गणित बिघडतं. धातू तपासायची मशीन लावली तर जस्त किती ते कळतं. जुन्या पद्धतीच्या पितळेत जस्त साधारण २८ टक्क्यांच्या वर जात नसे, त्यापेक्षा बरंच जास्त निघालं तर हजार वर्षांचं वय सांगणाऱ्याला जाब विचारा. पण कुठल्याही टेस्टचा रिपोर्ट त्याच मूर्तीचा आहे ना हे बघा, रिपोर्ट खरा आणि मूर्ती दुसरीच असंही होतं.

आणि हो, चिनी अक्षरं असलेली 'मिंग दरबारची' मूर्ती दोन वाचकांना दाखवली गेलीय. चीनच्या मिंग घराण्यातल्या योंगल बादशहाच्या काळात, १४०३ ते १४२४, तिबेटी लामांना भेट द्यायला मूर्ती घडवल्या जायच्या, त्यावर सहा अक्षरांचा शिक्का असतो आणि तो तिबेटी वाचनाप्रमाणे डावीकडून उजवीकडे लिहिलेला असतो. त्यातली एक २०१३ मध्ये हाँगकाँगच्या ऑक्शनमध्ये २३ कोटी ६० लाख हाँगकाँग डॉलरच्या वर गेली. तेवढी किंमत आली म्हटल्यावर नकला किती निघाल्या असतील ते वेगळं सांगायला नको. तशी मूर्ती रस्त्यावरच्या दुकानात येत नाही.

तर तारा घेऊ नका. ८५ हजारांचं काय करायचं ते शेवटच्या प्रश्नात लिहिलंय.

प्रश्न (रत्नागिरी) : आमच्या मूर्तीवर पावसाळ्यात फिकट हिरवे ठिपके येतात, पुसले की परत येतात, खाली बारीक खड्डे पडलेत. आई चिंच लावून घासते. काय करावं?

आईंना आजच थांबवा, बाकी उत्तर नंतर वाचा. चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो यातलं काहीही जुन्या मूर्तीला लावायचं नाही. रोजच्या समईला ते ठीक आहे, इथे त्याने वरचा थर जातो, कोरीव काम दरवेळी थोडं थोडं पुसतं आणि वय सांगणारी सगळी खूण जाते.

तुम्ही लिहिलंय ते ब्राँझ डिसीजसारखं वाटतंय. धातूत क्लोराइड शिरलेलं असतं, जमिनीतून, खाऱ्या हवेतून, घामातून, दमटपणा मिळाला की ते जागं होतं आणि फिकट हिरवी भुकटी बाहेर टाकत आत आत खात जातं. चांगला जुना थर कडक असतो, गडद असतो, हाताला सुटत नाही. भुकटी सुटत असेल आणि खाली खड्डा असेल तर तो आजार. कोकणातल्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐंशीच्या वर असते, मूर्तीला हवी चाळीसच्या खाली, त्यामुळे देव्हाऱ्यात उघडी ठेवून हे थांबणार नाही.

घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेल भरपूर टाका, दहा-वीस रुपयांची पुडी नाही, किलोच्या हिशोबात मिळते ती घ्या, सोबत शंभर-दीडशेचं आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरता येतं. दुसऱ्या मूर्ती असतील तर ही वेगळी ठेवा. प्लायवूडच्या नव्या कपाटात ठेवू नका, त्यातून आम्ल सुटत राहतं. आणि मग धातूचं काम करणाऱ्या कॉन्झर्व्हेटरला दाखवा, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कॉन्झर्वेशन सेंटर आहे, लखनौला केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे. ते बेन्झोट्रायझोल नावाचं रसायन वापरतात, तो उपाय घरी करायचा नाही, विषारी आहे.

पूजेतली मूर्ती आहे, डब्यात कशी ठेवू असं आई म्हणतील. पूजेला त्याच आकाराची नवी मूर्ती बसवा आणि सणाला जुनीचं दर्शन घ्या, कोरडं, कुंकू-पाणी-दूध न घालता. आईंना हे पटवणं सगळ्यात अवघड काम आहे याची मला कल्पना आहे.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : आजोबा दार्जिलिंगला नोकरीला होते, तिथून आणलेली तिबेटी मूर्ती पुण्याच्या घरात आहे. हलवली की आत काहीतरी खुळखुळतं. खालचं पत्र्याचं झाकण काढून बघू का? आणि घर विकतोय, येताना बॅगेतून इकडे आणली तर चालेल ना, आमचीच तर आहे.

दोन्हीला नाही.

आत जे खुळखुळतंय तीच त्या मूर्तीची प्रतिष्ठा आहे. तिबेटी मूर्ती आतून भरतात, धारणी-मंत्र लिहिलेल्या कागदाच्या गुंडाळ्या, धान्य, पवित्र जागेची माती, कधी एखाद्या गुरूच्या अस्थीचा कण, मधोमध उभी लाकडी काठी, आणि मग खालून तांब्याचा पत्रा ठोकून बंद करतात, त्यावर बहुतेकदा विश्ववज्र, म्हणजे एकमेकांवर आडवी ठेवलेली दोन वज्रं, कोरलेलं असतं. बंद पत्रा असलेल्या मूर्ती फार थोड्या उरल्यात, कारण रत्नं असतील म्हणून लोकांनी फोडून बघितल्या. तुमची बंद आहे, ती तशीच राहू द्या. आत काय आहे बघायचंच असेल तर एक्सरेने, सीटी स्कॅनने दिसतं.

आणि आणायचं म्हणाल तर मूर्ती शंभर वर्षांवरची असेल तर भारताबाहेर नेताच येत नाही, घरची असो, वारसाने आलेली असो. असा निर्यातीचा हक्क फक्त केंद्र सरकारला किंवा त्यांनी नेमलेल्या संस्थेला आहे. बॅगेत सापडली तर कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं तुरुंग आणि दंड. त्यात २०२४ च्या जुलैमध्ये भारत आणि अमेरिकेत या वस्तूंबद्दल करार झालाय, म्हणजे तिकडच्या कस्टम्सचंही लक्ष असणार. शंभरच्या आतली आहे असं वाटत असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र घ्या आणि मगच हलवा.

नाही तर पुण्यातल्याच भावाबहिणीकडे ठेवा. मालकी बदलली की तसं रजिस्टरिंग ऑफिसरला कळवावं लागतं. रजिस्ट्रेशनच नसेल तर आधी ते करा, अर्ज, चारी बाजूंचे फोटो, मोजमाप, कशी मिळाली त्याची हकीकत, आजोबांचं बदलीचं पत्र किंवा दार्जिलिंगचा जुना फोटो असेल तर तोही जोडा. रजिस्टर केली की सरकार मूर्ती घेऊन जातं असा समज आहे, तसं होत नाही, मूर्ती तुमच्या घरीच राहते आणि देशात विकायचीही मोकळीक असते.

प्रश्न (भंडारा जिल्हा) : मामाच्या शेतात विहीर खणताना धातूची मूर्ती मिळाली, बुद्धासारखी वाटते. गावात एक माणूस येऊन फेऱ्या मारतोय. मामा म्हणतो गुपचूप देऊन टाकू.

मामांना सांगा कलेक्टरना कळवायचं, आजच. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून चालू आहे, जमिनीत मिळालेली दहा रुपयांच्या वरची कुठलीही अशी वस्तू कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. कळवलं तर शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा विचार कायद्यात केलेला आहे. मूर्ती धुऊ नका, मातीसकट सुती कापडात ठेवा, जिथे मिळाली तो खड्डा बुजवू नका, आजूबाजूला विटा, खापरं जे काही असेल त्याचे फोटो काढा.

तुमच्या भागातली मूर्ती म्हटल्यावर मला राहवत नाहीये. रामटेकजवळ हमलापुरीला १९८२ मध्ये तीन धातूच्या बुद्धमूर्ती मिळाल्या होत्या, आणि १९६० च्या दशकात बुऱ्हाणपूरजवळ फोपनारला सात. वाकाटक काळातलं काम, अजिंठ्याची लेणी रंगत होती त्याच सुमाराचं. दगडातला आणि रंगातला अजिंठा सगळ्यांना माहीत होता, पण त्याच काळात इथले ओतारी असे उभे बुद्ध घडवत होते हे या दोन गावांमुळे कळलं. कुठल्या गावात मिळाल्या ते माहीत आहे म्हणून कळलं. त्याच मूर्ती कोणी फेऱ्या मारणारा घेऊन गेला असता तर आज 'मध्य भारत, बहुधा सहावं शतक' एवढीच चिठ्ठी चिकटली असती.

स्वीडनमध्ये हेल्गो नावाच्या बेटावर उत्खननात एक छोटासा ब्राँझचा बुद्ध मिळाला, ८ सेंटिमीटरच्या आसपास उंचीचा, स्वात खोऱ्याकडचा, सहाव्या शतकातला. तो जर बाजारातून आला असता तर हजार-बाराशे वर्षांपूर्वी तो स्वीडनला पोचला होता यावर कोणीही विश्वास ठेवला नसता. तो जमिनीत जिथे मिळाला ती जागा नोंदली गेली म्हणून तो इतका मोलाचा आहे. मामांच्या विहिरीचं तेच आहे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : चोरीच्या मूर्ती परदेशातून परत आल्याच्या बातम्या वाचतो. मग मुळात जमवणंच चूक नाही का? मित्र म्हणतो आपण नाही घेतली तर परदेशात जाईल.

मित्राचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. मूर्ती चोरली जाते कारण घेणारा आहे, तो पुण्यातला की पॅरिसमधला याने चोरीत फरक पडत नाही. काठमांडूच्या खोऱ्यात जाऊन बघा, चौकाचौकातल्या देवांना लोखंडी गज लावून कुलपं घातलीत, कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या चालू पूजेतल्या मूर्ती रातोरात गेल्या. सकाळी बाई फुलं घेऊन आली आणि कोनाडा रिकामा. ती मूर्ती मग कोणाच्या तरी हॉलमध्ये स्पॉटलाइटखाली ठेवलेली मला बघवत नाही.

नालंदाचं सांगते. १९६१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयातून १४ मूर्ती चोरीला गेल्या. त्यातला एक, बाराव्या शतकातला ब्राँझचा बुद्ध, चांदी जडवलेला, २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या कलामेळ्यात विकायला ठेवलेला दिसला. चोरीच्या मूर्तींचा माग काढणारा इंडिया प्राइड प्रोजेक्ट हा गट आणि कलावस्तूंच्या चोरीवर काम करणारी एक संस्था यांनी तो ओळखला, आणि त्या वर्षी १५ ऑगस्टला लंडनच्या पोलिसांनी तो भारताच्या हवाली केला. सत्तावन्न वर्षांनी. आणि सिद्ध कशावरून झालं, तर चोरीच्या आधीचे जुने फोटो खात्याकडे होते त्यावरून. तुमच्या गावात, ओळखीच्या विहारात, मठात जुनी धातूची मूर्ती असेल तर या रविवारी जाऊन पुढून, मागून, खालून फोटो काढून ठेवा, शेजारी पट्टी ठेवून.

जमवणं मात्र सरसकट चूक आहे असं मी म्हणणार नाही. कागद स्वच्छ असलेल्या, रजिस्टर झालेल्या, देशातच कायदेशीर ऑक्शनमध्ये किंवा जुन्या संग्रहातून आलेल्या मूर्ती असतात, मुंबईत अशी ऑक्शन होतात, त्या वस्तूंसमोर निर्यात करता येणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्या म्युझियममधलं कितीतरी टाटांसारख्या संग्राहकांनी जमवलेलं आणि मग दिलेलं आहे. फक्त ज्या मूर्तीचा मागचा पत्ता लागत नाही ती कितीही सुंदर असली तरी ठेवून यायचं, हे जमत नसेल तर या नादाला लागू नये.

प्रश्न (नागपूर) : १९५६ नंतर आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला. १९६८ मध्ये एका भन्तेंनी त्यांना थायलंडहून आणलेली मूर्ती दिली. एक जण म्हणाला ही अँटिक आहे, रंग काढून 'अँटिक फिनिश' करून देतो. रजिस्टर करावी का?

रंग कोणालाही काढू देऊ नका. ती १९६० च्या दशकात घडलेली असेल तर कायद्याने अँटिक नाही, रजिस्ट्रेशन लागत नाही. पण भन्तेंनी तेव्हाच जुनी मूर्ती दिली असण्याचीही शक्यता असते, म्हणून खात्री करायची तर म्युझियममधल्या माणसाला प्रत्यक्ष दाखवा. तुमच्या फोटोत उष्णीषावर, म्हणजे डोक्यावरच्या उंचवट्यावर, ज्वाला दिसतेय, ती थाई पद्धत. ब्रह्मदेशाच्या मंडाले पद्धतीत कपाळावर रुंद पट्टी असते, काचेचे तुकडे जडवलेली, आणि चीवराच्या चुण्या लाटांसारख्या.

बाजारभाव काहीही असो, या मूर्तीची हकीकत लिहून काढायला तुम्ही उशीर करू नका. भन्तेंचं नाव, कोणत्या विहारात दिली, तेव्हा कोण कोण हजर होतं, फोटो असेल तर त्याच्या मागे तारीख. बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बसवली, ती तारीख आज सगळ्यांना माहीत आहे कारण ती नोंदली गेली. त्यानंतरच्या वीस वर्षांत ब्रह्मदेश, थायलंड, श्रीलंकेहून महाराष्ट्रातल्या घराघरात, वस्तीवस्तीतल्या विहारांत किती मूर्ती आल्या याची कोणी एकत्र नोंद केलेली मला माहीत नाही, आणि आणणारी, बघणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. तुमच्यासारख्या घरांनी आपापलं लिहून पाठवलं तर आम्ही या सदरात ते छापू, पत्ते न देता.

प्रश्न (कल्याण) : बजेट थोडं आहे, डोळा तयार करायचाय. कुठे बघू, काय वाचू, आणि सुरुवात कशाने करू?

वाचण्याच्या आधी बघा. तुम्ही कल्याणचे, मग मुंबईतच सुरुवात आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं हिमालयाचं दालन, तिथे नेपाळ आणि तिबेटचं काम शेजारी शेजारी बघता येतं, एका वेळी दोन-तीन मूर्तींपेक्षा जास्त बघू नका, एकीसमोर अर्धा तास उभं राहा. मग सोपाऱ्याचा ठेवा. नालासोपाऱ्याला ज्याला लोक बुरुड राजाचा किल्ला म्हणायचे तो स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरला, आत दगडी पेटी, त्यात एकात एक तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, सोन्याचा करंडा, आणि भोवती आठ छोट्या धातूमूर्ती, सात मानुषी बुद्ध, म्हणजे माणूस म्हणून होऊन गेलेले, आणि पुढे येणारा बुद्ध मैत्रेय. मूर्ती आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासच्या आहेत, स्तूप त्याहून खूप आधीचा, म्हणजे मध्ये कधीतरी तो परत उघडून त्या आत ठेवल्या. एशियाटिक सोसायटीकडे आहे तो ठेवा, आधी विचारून जा. लोकलने जाऊन-येऊन स्तूप पण बघून होतो.

लांब जायला जमलं तर पाटण्याला कुर्किहारच्या मूर्ती, १९३० मध्ये गयेजवळ एका गावात दोनशेवर मिळाल्या, त्यातल्या लेखांत कांचीहून आलेल्या दात्यांची नावं आहेत. चेन्नईला नागपट्टिणमच्या, चोळांच्या राज्यात श्रीविजयच्या राजाने बांधलेल्या विहाराच्या परिसरातल्या. या दोन जागा बघितल्या की उत्तरेचा आणि दक्षिणेचा बुद्ध न सांगता ओळखता येतो.

आणि घ्यायचंच असेल, पुण्याच्या वाचकाचे ८५ हजार असोत की तुमचे त्याहून कमी, तर नवी मूर्ती घ्या, पाटणमधून, म्हणजे काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरहून. तिथली शाक्य घराणी अजून मेणाची मूर्ती घडवून, शेण-माती लिंपून, तांबं ओतून, महिनोन्‌महिने छिन्नीने कोरून मूर्ती काढतात, पाऱ्याचा मुलामाही तिथे अजून होतो. आधी पाटण म्युझियममध्ये जा, तिथे ओतकामाच्या पायऱ्या मांडून दाखवल्यात, त्या बघून मग गल्लीत शिरा. मुलामा नसलेली, छोटी पण कोरीव काम पूर्ण केलेली मूर्ती मोठ्या चकचकीत मूर्तीपेक्षा कधीही चांगली. बोटांमधली जागा मोकळी कोरलीय का बघा, पाठ पुढच्याइतकीच नीट केलीय का बघा, कोणी घडवली त्याचं नाव बिलावर लिहून घ्या. निघताना नेपाळच्या पुरातत्त्व विभागाकडून ही जुनी नाही असं प्रमाणपत्र काढावं लागतं, दुकानदार मदत करतात, एक दिवस हातात ठेवा. बिल आणि ते प्रमाणपत्र मूर्तीच्या खोक्यात टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा, विमानतळावर तेच आधी मागतात.